सुतळी धरून कापलेलं गवत

शिवाजी पेठ, १८ जून

हुसेनबीस सलाम.

फोन तू उचलत नाहीस. आफशीन उचलते आणि म्हणते, अम्मी नमाजला बसलीय. दिवसातून पाच वेळा मी समजू शकतो. सकाळी दहा वाजता कुठली नमाज? म्हणून पत्र लिहितोय. पोस्टमनला असं काही सांगता येत नाही. घरात आपण आपल्या बोलीत बोलतो, पण लिहायला मला शाळेतली मराठीच येते आणि तुलाही वाचायला तीच येते. तेव्हा निबंधासारखं वाटलं तर हसू नकोस.

मी काय केलं ते एकदा सरळ सांगतो, म्हणजे पुण्यात लेकी-जावयाला सांगताना त्यात भर पडायला नको. तू आठ दिवस मिरजेला बहिणीकडे गेलीस. पाऊस तोंडावर आला होता. स्लॅबवरच्या तुझ्या सव्वीस कुंड्यांतलं शोभेचं गवत वाढून इकडं तिकडं झुकलं होतं. छत्तीस वर्षं मी फुटबॉलच्या मैदानाचं गवत राखलंय. पावसाआधी गवत कापून घ्यायचं, हे मला कुणी सांगायला नको. कुंड्या दोन ओळींत लावल्या. शेजारच्या बाळासोला बोलावून सुतळीचं एक टोक त्याच्या हातात दिलं, दुसरं कठड्याला बांधलं, आणि सगळं एका रेषेत कापलं. मातीपासून दोन बोटं. बाळासो म्हणाला, "गैबीमामू, आता चुन्याची फक्की मारून गोल टाकला की मॅच चालू."

तू आलीस. पिशवी हातात घेऊनच वर गेलीस, तशीच खाली आलीस आणि म्हणालीस, "आफशीनकडे जाते." एवढंच. चहाचं आधण ठेवलं होतं मी.

मला वाटलं होतं, खूश होशील. नीटनेटकं दिसत होतं सगळं.

गवतच आहे, हुसेनबी. येईल परत.

गॅसचं पुस्तक कुठं ठेवलंयस?

गैबी


५ जुलै

हुसेनबी,

पुस्तक सापडलं. तांदळाच्या डब्याखाली होतं. तिथं कुणी ठेवतं का?

पाऊस थांबायचं नाव घेत नाही. नदीचं पाणी बंधाऱ्यावरून गेलंय. तुझ्या कुंड्यांचं बरं चाललेलं नाही. कापलेल्या काड्या आतून पोकळ असतात, हे मी पहिल्यांदा बघितलं. वरून पाणी भरतं आणि गड्डा आतून कुजतो. मैदानावरचं गवत जमिनीलगत पसरतं, कितीही कापा, त्याला काही होत नाही. हे वेगळं आहे, हे मला कुणी सांगितलं नाही. म्हणजे तू सांगितलं असशील. मी ऐकलं नसेल.

त्या निळ्या गवताच्या, तुझ्या निळीच्या, सहा कुंड्या होत्या, त्यातल्या पाच गेल्या. हात लावला की गड्डा वर येतो आणि वास सुटतो. जांभळी तग धरून आहे. पट्टेवालीचं सांगता येत नाही. बाकीच्यांना जोर यावा म्हणून मैदानाला देतो तसा युरिया दिला, मूठमूठ. आठ दिवसांत वीतभर पाती आली. मला आनंद झाला. नवव्या दिवशी सगळी कुंडीच्या काठावरून बाहेर लोळत होती, दारू पिऊन पडल्यासारखी. बाळासो बघायला आला आणि म्हणाला, "मामू, ह्यास्नी आता लिंबूपाणी द्या."

रंकाळ्याकडच्या माई आल्या होत्या. शाळेत चित्रकला शिकवायच्या, त्या. त्यांच्या कॉलनीतल्या वाचनालयाच्या खिडक्यांत ठेवायला तू दिवाळीला बारा लहान कुंड्या द्यायच्या आहेस म्हणे. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. तू मिरजेला लग्नाला गेली आहेस, असं मी त्यांना सांगितलं. एवढं लांबलेलं लग्न त्यांनी पाहिलं नसेल, पण बाई सभ्य आहेत.

तू गवताजवळ बसायचीस ती पालथी बादली वर तशीच आहे. मी तिच्यावर बसत नाही. या पावसात बसणार तरी कसा?

गैबी


२४ जुलै

हुसेनबी,

काल जोयाचा फोन आला. सात वर्षांची पोर आणि दमदाटी हुबेहूब तुझी.

"नाना, तुम्ही युरिया टाकलात ना?"

"पत्रात लिहिलंय की मी."

"नानी म्हणते, पत्र यायच्या आधीच तिला माहीत होतं."

मग मागून आवाज आला. "त्यांना म्हणावं, निळीला कात्री लावू नका. वाळकी पाती बोटांनी विंचरून काढायची." जोया सांगायला लागली, "नाना, नानी म्हणते..." मी म्हटलं, ऐकू आलं नाही, पुन्हा विचार. तिनं विचारलं. तू पुन्हा सांगितलंस. मी म्हटलं, अजून नीट आलं नाही. तिसऱ्यांदा तू म्हणालीस, "आलंय त्यांना ऐकू," आणि आत गेलीस.

सव्वा महिन्यानं आवाज ऐकला. सर्दी झालीय का तुला?

उरलेल्या निळीला आज विंचरलं. तुझा जुना कंगवा घेतला होता, पण तू बोटांनी म्हणाली होतीस, म्हणून तो ठेवून दिला. बोटांत वाळकी पाती येत राहतात, संपतच नाहीत. अर्धा तास गेला असेल. खाली निळं, ताठ, हातभरही नाही असं छोटंसं गवत निघालं. छत्तीस वर्षांत मी गवताला हात लावला तो उपटायला, नाहीतर किती वाढलं ते बघायला.

सव्वीसांतल्या अकरा जगल्यात. मेलेल्यांच्या कुंड्या धुऊन पालथ्या ठेवल्यात. चिमणाबाई भाजी द्यायला आली, जिन्यातून वर बघून म्हणाली, "बाई न्हाय तर वर कसं वसाड पडलंय बगा." मी म्हटलं, पावसामुळं.

अकरांना पाणी कधी घालायचं? पाऊस उघडला की कुंडी दोन दिवसांत कोरडी पडते. तू बोट घालून बघायचीस. किती आत घालायचीस?

गैबी


१६ ऑगस्ट

हुसेनबी,

हे पत्र दोनदा लिहून फाडलं. तिसऱ्यांदा लिहितोय.

माईंच्या बारा कुंड्यांचं मला माहीत नव्हतं, असं लिहिलं होतं. माहीत होतं. तू मिरजेला गेलीस त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्या आल्या होत्या. मी दाराच्या पायरीवर बनियनवर बसून चाकूला धार लावत होतो. त्यांनी विचारलं, "हुसेनबींचं घर हेच ना? तुम्ही त्यांच्याकडे कामाला आहात का?" मी म्हटलं, "व्हय." का म्हटलं, ते मला अजून कळलेलं नाही. नवरा आहे, असं सांगायला काय झालं होतं? त्या म्हणाल्या, "मग बाईंना निरोप द्या, बारा कुंड्या नक्की. बुटक्या हव्यात, खिडकीतून उजेड यायला पाहिजे. काय सुंदर हात आहे हो त्यांचा." आणि मला विचारलं, "तुम्ही पण शिकून घ्या की त्यांच्याकडून."

त्याच्या पंधरा दिवस आधी मी मैदानावर गेलो होतो. पेठेची फायनल होती. तुला सांगितलं होतं, मॅच बघून आलो. बघितली नाही. गेटवर नवा माणूस होता, त्यानं मला अडवलं. मी म्हटलं, हे मैदान मी राखलंय. तो म्हणाला, "पावणं, असं रोज धा जण सांगत्यात." मागं रांग होती. मी बाजूला झालो आणि भिंतीला कान लावून दोन गोल ऐकले. कुणी मारले ते बाळासोकडून कळलं.

मग घरी आलो की खाली फोन वाजायचा आणि तो तुझा असायचा. कुणाला जांभळी पाहिजे, कुणाची पिवळी पडलीय. पेठेत लोक विचारायचे, "मामींचं गवत कसं हाय?" मामू कसे आहेत, कुणी विचारत नव्हतं. ही तुझी चूक नाही. हे आत्ता लिहितोय, तेव्हा सुचलं नव्हतं.

माई गेल्या आणि तिसऱ्या दिवशी मी बाळासोला हाक मारली. तो म्हणाला, "मामींना इचारलंय न्हवं?" मी म्हटलं, व्हय. ते पावसाआधीचं कापणं नव्हतं, हुसेनबी. सुतळी धरली, कारण रागात माणूस वाकडं कापतो आणि ते मला कुणाला दिसू द्यायचं नव्हतं.

तुला वर गेल्याबरोबर दिसलं असणार. म्हणून तर पिशवी खाली ठेवली नाहीस.

गैबी


११ सप्टेंबर

हुसेनबी,

तुझ्याकडून काही आलं नाही. यायला पाहिजे असंही नाही.

काल बाळासोच्या गाडीवर बसून गगनबावड्याला गेलो. त्याला तिकडं कुणाला तरी भेटायचं होतं, असं तो म्हणाला. कुणालाच भेटला नाही. वर पोचल्यावर मला म्हणाला, "तुमी फिरून या मामू, मी हितं भजी खातो."

तुझ्या माहेरचं घर आता निळ्या रंगाचं आहे. अंगणात दोन मोटारी होत्या. मी आत गेलो नाही. मागच्या उतारावर गेलो. तुझा भाऊ वारला, घर विकलं, त्याला नऊ वर्षं झाली. त्यानंतर तू एकदाही इकडं चल म्हणाली नाहीस आणि मला वाटलं, विसरलीस. त्याच वर्षी तू पहिली कुंडी आणलीस. मी म्हटलं होतं, लोक गुलाब लावतात, जास्वंद लावतात, तू पदरात बांधून गवत आणतेस होय? तू म्हणाली होतीस, "एवढ्याशा स्लॅबवर मावेल असंच आणलंय." मला तेव्हा वाटलं, तू कुंडीबद्दल बोलतेस.

उतारावर गवत कमरेएवढं होतं. तुरे आले होते. खालून वारा आला की सगळा डोंगर एकदम कुशीवर वळतो आणि पुन्हा सरळ होतो. मी बसलो. बसल्यावर काहीच दिसेना, नुसता आवाज. आपल्या स्लॅबवर दुपारी चारला असाच आवाज यायचा, बारीक. मी खाली पंखा लावून झोपायचो, त्यामुळं मला तो पावसाचा वाटायचा. उन्हाळ्यातसुद्धा.

एक म्हातारी गवताचा भारा घेऊन आली. धोंडुबाई नाव. "पावणं, कुणाकडं आलाय?" म्हटलं, हुसेनबीच्या घराकडं. ती थांबली. "मुजावराची हुसेनबी? आगं बया! त्या पोरीला आमी सांजच्याला गवतातनं हुडकून काढायचो. हाक मारली तरी ओ द्यायची न्हाय. हसू आलं की मग कळायचं कुठं हाय ती." मग म्हणाली, "कुठं असती आता?"

मी म्हटलं, "पुण्याला."

"बरी हाय न्हवं?"

हे मला सांगता आलं नाही. तीन महिन्यांत आठवड्याला एक फोन केला, पाच पत्रं लिहिली, आणि तू बरी आहेस का हे मी एकदाही विचारलेलं नाही. सर्दीचं विचारलं होतं फक्त.

बरी आहेस का?

गैबी


२९ सप्टेंबर

हुसेनबी,

रविवारी फोन केला तर जोयानं उचलला. म्हणाली, नानी खाली क्लास घेतेय. मला वाटलं, अरबीचा. म्हणाली, "नाही नाना, गवताचा. आमच्या बिल्डिंगच्या आंट्या येतात. नानीच्या गॅलरीत तीस कुंड्या झाल्यात. अब्बूंना कपडे वाळत घालायला जागा नाही."

"कधीपासून?"

"तुमचं दुसरं पत्र आलं तेव्हापासून."

मी म्हटलं, पत्रं मिळतात का? "मिळतात. नानी वाचते. मग माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेते, माझं मराठी सुधारायला. ते दारूचं मला आवडलं. पण एक मला दिलं नाही. ते लपवलंय."

फोन ठेवल्यावर वर गेलो. जांभळीला तुरे आलेत, कोल्ह्याच्या शेपटीसारखे. हे सगळं मी तुझ्यासाठी राखत होतो. तू येशील, बघशील, बादलीवर बसशील आणि काही बोलणार नाहीस, आणि तेवढ्यावर भागेल, असं माझ्या मनात होतं. आता कळतं, तू काही इथल्या कुंड्यांची वाट बघत बसलेली नाहीस. तीस कुंड्या म्हणजे माणूस परत यायला निघालेलं नाही.

वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू? दुसऱ्या दिवशी बाळासोला सांगितलं, तर तो म्हणाला, "चांगलंय की मामू. मामी खेळायलीय अजून. तुमीच रिटायर झालासा."

गॅलरी कुठल्या दिशेला आहे? ऊन किती वेळ येतं? आंट्या ऐकतात का तुझं?

परवा माईंकडे गेलो होतो. सांगितलं, मी कामाला नाही, नवरा आहे, लग्न वगैरे काही नव्हतं आणि कुंड्या मी कापल्या. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "मग आता शिकलात की नाही?" म्हटलं, विंचरायला शिकलोय. त्यांनी तुझा पुण्याचा नंबर मागितला. दिला. बारा कुंड्यांचं तुम्ही दोघी ठरवा. मी मध्ये नाही.

गैबी


१३ ऑक्टोबर

हुसेनबी,

ऊन पडायला लागलंय. अकराही कुंड्या आता भरल्यात. पण बारकाईनं बघितलं तर गड्ड्याच्या मधोमध टक्कल पडलंय, गवत नुसतं कडेनं वाढतंय. चार कुंड्यांच्या भोकांतून मुळं बाहेर आलीत, एकीला तडा गेलाय. मैदानावर गोलसमोरची जागा अशीच उघडी पडायची, तिथं आम्ही नवीन गवत आणून लावायचो. इथं नवीन आणायचं नाही, आहे तेच फाडायचं, एवढं मला तू नर्सरीवाल्याशी भांडत होतीस तेव्हाचं आठवतं. "फाडल्याशिवाय ते जगणार नाही," असं तू त्याला सांगत होतीस आणि तो म्हणत होता, "मावशी, तुमी कसाई हाय का?"

म्हणून फाडले. करवतीनं. पहिल्या गड्ड्यावर करवत ठेवली आणि हात थांबला. बाळासो म्हणाला, "कापा की, गेल्या येळंला बरं जमलं." मग हसलो दोघंही आणि कापला. आतलं मेलेलं काढून टाकलं, प्रत्येकाचे दोन भाग केले, जेवढ्या खोलीवर होते तेवढ्याच खोलीवर लावले. खत काही घातलं नाही. आठवडा सावलीत ठेवले. निळी सोडून सगळ्यांनी मान धरलीय. निळीचं अजून बोलता येत नाही, पण गेलेली नाही.

एकेक भाग तुझा. अकरा भाग दोन क्रेटमध्ये भरून ठेवलेत, हलू नयेत म्हणून मध्ये कागद खोचलाय. तुझ्या तीस कुंड्यांत यांची गरज नसेल. जागा नाही म्हणालीस तरी चालेल, आंट्यांना देऊन टाक. पण डोंगर तुझा आहे. तो तुझ्याकडं पाठवायला मला नऊ वर्षं आणि एक पावसाळा लागला.

रविवारी सकाळी सहाच्या एस.टी.नं घेऊन निघतोय. दुपारपर्यंत स्वारगेटला पोचेन. क्रेट न्यायला जावयाला, नईमला पाठवलंस तर क्रेट त्याच्या हातात देऊन मी तिथूनच परत फिरेन. मनात काही धरणार नाही. तू स्वतः आलीस तर मला तुझ्या गॅलरीतलं काही काम सांग. पाणी घालतो, कुंड्या उचलतो, कपड्यांची दोरी दुसरीकडं बांधून देतो. आंट्यांच्या क्लासमध्ये मागं बसेन. कात्रीला हात लावणार नाही.

परत चल, असं मी या पत्रात कुठं लिहिलंय का ते बघितलं. नाही लिहिलं. पहिल्या पत्रापासून तेच लिहीत होतो, गॅसचं पुस्तक विचारतानासुद्धा. आता मीच येतो म्हणतोय, तू ये म्हणालीस तर.

जोयाकडून निरोप दिलास तरी पुरे. इथल्या अकरा कुंड्यांसाठी घराची किल्ली बाळासोला देऊन ठेवतोय. तो विचारत होता, "किती दिवस पाणी घालायचं, मामू?"

त्याला काय सांगू?

गैबी